आबांची मोबाईलमधली हॉटेलं

मोबाईलवर गेम खेळायच्या आधी हात धुणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ओट्यावर बसून, चष्मा नाकावर ओढून आबा फोन मांडीवर घ्यायचे आणि मग त्यांना आठवायचं. उठायचे, रांजणातल्या पाण्यानं मनगटापर्यंत हात धुवायचे आणि तशाच ओल्या बोटानं पडद्यावर टकटक करत बसायचे. ओल्या बोटाला फोन कशाला दाद देतोय? "मॅडम, बघा बरं ह्याला. जिता हाय का मेला?" मी म्हणायचे, "आबा, आधी हात पुसा." "पुसतो की. पण धुवायला तर लागंल ना? अन्नाला हात लावायचाय."

अन्न म्हणे! पडद्यावरचा नखाएवढा बर्गर तो. पण आबांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला माहीत नाही, आणि हे मी सांगते आहे, जिच्याशी शाळेतले हेडमास्तरसुद्धा जपून बोलायचे.

वडीगोद्रीच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचे तेव्हाची ही गोष्ट. आता संस्थेनं मला वाटूरला टाकलंय. तेव्हा आबांच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. घर जुन्या शेतकऱ्याचं, मोसंबीची बाग, हायवेला लागून एक मोकळा तुकडा. आबांची बायको मी तिथं जायच्या आधीच वारलेली. मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, तो सुट्टीला यायचा. घरात आबा आणि सून अर्चना. ती सासऱ्यांना मामा म्हणायची आणि वारलेल्या सासूला आत्याबाई. गावातले सगळे त्यांना आबाच म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले नानासुद्धा. हे नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ आणि रोजचे पाहुणे. अर्चनाच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय नानांचा दिवस मावळायचा नाही.

त्या घराचा एक रिवाज होता. पीक विकायचं, पण दूध, ताक आणि चुलीवर चढलेलं काहीही विकायचं नाही. द्यायचं. राहायला गेले त्याच आठवड्यात मी दुधाचे पैसे पुढे केले, तर आबांनी हात मागे घेतला. "मॅडम, खोलीचं भाडं घेतो, ते भिंतीचं हाय. दूध काय भिंतीतून येत न्हाई." पुन्हा विचारायची सोय नव्हती. जेवणाच्या वेळेला जो दारात दिसेल त्याला आबा "बसा" म्हणायचे. त्या घरात "बसा" म्हणजे ताट. मोसंबीचा व्यापारी, लाईटचा वायरमन, पंक्चर काढेपर्यंत खोळंबलेला ट्रकवाला, कुणीही. आत अर्चनाला फक्त हाक जायची, "दोन मानसं वाढली गं." कधी तीन, कधी पाच.

गेमचं खूळ माझ्यामुळे लागलं. एका रविवारी दुपारी मी ओट्यावर बसून हॉटेलचा गेम खेळत होते. शाळेत चाळीस-पन्नास कार्टी सांभाळून झाल्यावर मला असलं काहीतरी लागतं, डोकं बधिर करणारं. आबा मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरची हिरवी पट्टी पिवळी झाली, तांबडी झाली, आणि ते पाय आपटत निघून गेलं.

"अवो मॅडम! त्यो उपाशी गेला की!"

"जाऊ द्या हो आबा, दुसरा येतोय मागून."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी खरंच कुणाला तरी त्यांच्या दारातून हाकललंय. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले तर जिन्याच्या पायथ्याशी फोन घेऊन उभे. "मला बी ते टाकून द्या. पण जरा चांगल्या घरचं बघा."

त्यानंतर आबांनी किती हॉटेलं उघडली आणि किती बंद केली, देवच जाणे. मी शोधून द्यायचे, ते आठ-पंधरा दिवस खेळायचे आणि ओट्यावर निकाल लावायचे. लोक गेम बघतात ते लेव्हल किती, चित्रं कशी, जाहिराती किती येतात यावरून. आबांची परीक्षा वेगळीच. आल्या माणसाला आधी पाणी देतात का? दुसऱ्यांदा वाढतात का? उरलेल्याचं काय करतात? आणि मालक स्वतः कधी जेवतो? या शेवटच्या प्रश्नात सगळेच गेम नापास झाले. "इतकं मोठं हॉटेल, आन् मालकाला एक घास न्हाई. ह्याला काय अर्थ हाय?"

नावंही त्यांनी आपली आपण ठेवली होती. पहिला, माझाच, तो चिडक्यांचा. त्यात एक घोळ झाला. तव्यावरचं करपलं की ते कचऱ्याच्या डब्यात टाकायचं बटण असतं. आबा ते बटण दाबेनात. "करपलं तर काय झालं, खरवडून मानूस खातो." तवा अडकला, स्वयंपाकघर अडकलं, दारापर्यंत चिडक्यांची रांग लागली. आबा फोन उलटा ठेवून बागेत निघून गेले. दुसरा चकाचक. त्यात नुसत्या खुर्च्या, झुंबरं, भिंतीचे रंग बदलत बसायचं. "हे फर्निचरचं दुकान हाय मॅडम, हॉटेल न्हाई. एकानं बी भाजी कशी झाली म्हनून इचारलं न्हाई." तिसरा गाडीचा. एक गाडी गावोगाव जाऊन खायला विकायची आणि वेळ झाली की पुढच्या गावाला निघायची. तो एका दिवसात काढून टाकायला लावला, कारण गाडी निघाली तेव्हा दोन माणसं उभीच होती.

आणि शेवटचा अस्वलाचा. हा मात्र त्यांच्या मनात भरला. जंगलातलं हॉटेल, ॲप्रन बांधलेली एक जाडजूड अस्वलीण स्वयंपाकाला, ससे, हरणं, कोल्हे सावकाश येतात, बसतात, जेवतात, टेबलावर नाणं ठेवून जातात. कुणी चिडत नाही, कुणी पाय आपटत नाही. "ह्याच्यात मानसं आपल्यासारखी हायेत," आबा म्हणाले. ससे-कोल्हे होते ते, पण मी गप्प बसले.

एकादशीला आबांचं जंगलातलं हॉटेल बंद. गावात कुणी गेलं तर बंद. मी समजावलं, "अहो, ते रोज उघडलं नाही तर बक्षीस बुडतं." "बुडू द्या. दारासमोरून तिरडी गेली आन् आपुन इथं तळण काढावं?" मी हसले होते तेव्हा. आता वाटतं, खेळात नियम पाळणारे पुष्कळ भेटतात, पण खेळात घरची रीत पाळणारा हा एकच. त्यांना आत एक आणि बाहेर एक असं वागताच येत नव्हतं. अशी माणसं सोबत राहायला अवघड असतात, आणि नसली की करमत नाही.

राजूरला त्यांच्या लेकीच्या सासरी, व्याह्यांकडं लग्न होतं. गणपतीचं दर्शन होईल म्हणून मीही जीपमध्ये बसले. दुपारची पंगत बसली, आबा मानाच्या पाटावर, समोर व्याही स्वतः वाढायला. आबांनी दोन घास घेतले असतील नसतील, तेवढ्यात बंडीतला फोन वाजला. त्यांनी डाव्या हातानं काढून पाहिला, चेहरा उतरला, आणि ताटावरून उठले की हो! भरल्या पंगतीतून! व्याही हातातला लाडू तसाच धरून उभे. "आबा, काय चुकलं का आमचं? मीठ कमी पडलं?"

"न्हाई हो पाव्हणं, तुमचं बराबर हाय. तिकडं लोक उपाशी बसून राह्यलेत."

झालं! घरी काहीतरी विपरीत घडलं असं वाटून बायका उठल्या, कुणीतरी जीपवाल्याला हाका मारल्या. शेवटी अर्चनानं डोक्यावरचा पदर सावरत सांगितलं, "काही झालं न्हाई. मामांचं हॉटेल हाय ते. मोबाईलात." मंडपभर जो हशा पिकला! व्याही म्हणाले, "मंग खरंच काढा की आबा एखादं! सुनेच्या हाताला अशी चव, हायवेला जागा, जोरात चालंल."

आबा एकदम ताठ झाले. "आमच्यात इकत न्हाईत."

मी अर्चनाकडे पाहिलं. ती हसत होती सगळ्यांसोबत, पण ते ऐकून तिनं मान खाली घातली आणि ताटातला भात चिवडत बसली.

तिचं कारण मला ठाऊक होतं. हायवेलगतच्या त्या तुकड्यावर तिला खानावळ काढायची होती. आजची नाही, लग्न होऊन आली तेव्हापासूनची तिची ही इच्छा. येसरची आमटी, धपाटे, भरलं वांगं असं सगळं तिनं मनात मांडून ठेवलेलं. नवऱ्याची हरकत नव्हती, पण तो म्हणायचा, आबांना विचार. आणि आबांना विचारण्यात काय अर्थ होता? त्यातच त्या वर्षी बीडकडचा एक हॉटेलवाला आला. त्याला तो तुकडा ढाब्यासाठी हवा होता, दहा-बारा वर्षांच्या करारानं. दसऱ्यापर्यंत कळवतो म्हणून आबांनी त्याला शब्द दिला होता. करार झाला असता तर अर्चनाची खानावळ कायमची गेली असती, आणि तिला ते पुरतं माहीत होतं.

राजूरहून आल्यावर तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. संध्याकाळी आबा अस्वलाचा गेम घेऊन बसले होते, मी पायरीवर वह्या तपासत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"मामा, त्या हॉटेलवाल्याचं काय ठरवलं?"

"बघू. मानूस बरा वाटून राह्यला."

"त्यो तिथं काय करणार? अन्नच इकणार ना?"

"त्यो इकंल. आपुन न्हाई."

"जागा आपली, पाणी आपल्या बोअरचं. त्यानं इकलेलं चालतं, आन् मी इकलेलं चालत न्हाई?"

आबा फोनकडे बघत म्हणाले, "माझ्या बापानं इकलं न्हाई, त्याच्या बापानं इकलं न्हाई. ह्या घरातून कुनी उपाशी गेलं न्हाई, आन् पैसा देऊन बी कुनी जेवलं न्हाई."

"जेवू घातलं कुणी, मामा?" ती आता थांबली नाही. "तुमी 'बसा' म्हनता. भाकरी कोण थापतं? आत्याबाई थापता थापता गेल्या. आता मी थापून राह्यले. इकत न्हाईत, ते बराबर. पण फुकट कुणाच्या हातानं होऊन राह्यलं?"

असं बोलणं त्या ओट्यावर कधी झालं नसेल. मला वाटलं, शाब्बास गं बाई! माझं तोंड आवरायला मला किती कष्ट पडतात हे ओळखीच्या लोकांना विचारा. ती आत गेली. ते फोन घेऊन बसून राहिले, बोट न हलवता.

दसरा जवळ येत चालला. आबांनी त्या विषयाला पुन्हा हात लावला नाही. फक्त गेम जास्त खेळायला लागले. मला संताप यायचा. घरातली पोर झुरतेय आणि हा माणूस सशांना वाढतोय!

एका सकाळी, शाळेला सुट्टी होती, त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, अस्वलाचं काहीतरी बिघडलं बघा." मी फोन घेतला आणि बघतच राहिले. एवढे महिने खेळून आबांचं हॉटेल पहिल्या दिवशी होतं तेवढंच होतं. तीच चार टेबलं, तीच चूल. आणि प्रत्येक टेबलावर नाण्यांचा हा ढीग!

"आबा, हे पैसे उचलले का नाहीत तुम्ही?"

"कामून उचलू?"

"अहो, गिऱ्हाईक ठेवून जातं ते. बोट लावलं की तुमच्याकडे जमा होतात. त्यातूनच पुढचं सगळं होतं."

"जेवलेल्या मानसापुढचा पैसा मी उचलू?" आबा म्हणाले. "सगळ्याच गेममंदी मी उचलला न्हाई. मला बघायचं होतं, न उचलता कुठलं हॉटेल चालतंय. चिडक्यांचं जल्दी बंद पडलं. चकाचक त्याहून आधी. हे अस्वलाचंच लई दिवस टिकलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढे महिने हा माणूस गेम खेळतच नव्हता. तो शोधत होता, की असं एखादं तरी हॉटेल आहे का जिथं फुकट वाढून चालतं. सगळ्या हॉटेलांची तुलना त्यांनी मनातल्या मनात केली होती ती एवढ्या एका गोष्टीवर. असं हॉटेल सापडलं असतं, तर मला वाटतं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्चनाला हो म्हटलं असतं. नकार देताना त्यांनाही सुख होत नव्हतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि माझा संताप कुठल्या कुठं गेला.

"पण आता बिघडलं काय?" मी विचारलं.

"ती दिसत न्हाई."

खरंच, चुलीजवळ अस्वलीण नव्हती. रिकामी चूल, आणि टेबलांवर ससे ताटकळलेले. कोपऱ्यात एक चिठ्ठीचं चित्र होतं. मी त्यावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं, "पगार न मिळाल्यामुळे तुमची स्वयंपाकीण काम सोडून गेली आहे."

"पगार?"

"हो. टेबलावरचे पैसे उचलले की त्यातून तिचा पगार जातो. तुम्ही उचललेच नाहीत, मग तिला कुठून मिळणार?"

आबांनी त्या रिकाम्या चुलीवर बोट टेकवून पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं, ती घरचीच हाय."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. नाना यायची वेळ झाली होती, आणि बागेत आलेली व्यापाऱ्याची दोन माणसंही जेवायला होती. आबांनी त्या आवाजाकडे मान वळवली. मी उठून वर निघून गेले, कारण त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते बघायला थांबणं बरं नव्हतं.

दसऱ्याच्या आधी ते एकटेच सकाळच्या गाडीनं बीडकडे जाऊन आले. आल्यावर चपला काढून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले. हा माणूस आयुष्यात तिथं फिरकला नव्हता, अर्चना घाबरून उठलीच.

"त्या हॉटेलवाल्याला न्हाई सांगून आलो."

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय? तुझ्या खानावळीच्या बोर्डाचं बघ. पण मला गल्ल्यावर बसवू नको. पैशाला हात लावायचं माझ्याच्यानं व्हनार न्हाई." एवढं बोलून ते बागेत गेले. अर्चना मला येऊन बिलगली आणि रडली, पिठाच्या हातांनी माझी चांगली साडी भरवली.

पत्र्याचं शेड उभं राहिलं, नळ आला, टेबलं आली, नवरा रजा काढून आला. उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. इतकी माणसं बघून अर्चना हरखली. मीही ताटं उचलायला मदत केली. आणि दुपार कलली तेव्हा तिच्या पुढ्यात होते टॉवेल, टोप्या, नारळ आणि खण. लोकांनी आहेर आणला होता! आबांच्या घरचं कार्य म्हणून आले, पोटभर जेवले, "सूनबाई, आमटी झकास" म्हणाले आणि रामराम करून गेले. पैसे द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. लोक लबाड नव्हते. त्या घरात जेवून खिशात हात घालायची सवयच कुणाच्या हाताला नव्हती. आबांच्या अन्नाचे पैसे विचारणं हा त्यांना आबांचा अपमान वाटला असता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. नाना तर दोन्ही वेळा यायचे, पूर्वीच्याच हक्कानं. गावकऱ्यांनी टेबलं भरलेली, म्हणून हायवेवरची गिऱ्हाइकं डोकावून पुढं जायची. मी ठळक अक्षरात दराची पाटी लिहून लावली. लोकांनी अक्षराचं कौतुक केलं. अर्चना मागणार कशी? समोर बसलेले सगळे नात्यानं सासरे नाही तर दीर. "मॅडम, तुमी तरी मागा," ती कळवळून म्हणाली. मी मागितले असते, मला काय लाज! पण मी मागून मिळाले असते ते माझ्या तोंडाला भिऊन. उद्या मी नसले की पुन्हा तेच. पीठ संपत आलं होतं. महिनाभरात शेड बंद पडणार आणि लोक म्हणणार, बघा, आबांच्या घरात विकणं सोसत नाही. तिचा नवरा म्हणालाच, "आबांना सांगावं का?" तिनं मान हलवली. "त्यांनी हो म्हनलं तेच लई झालं."

आबा तोवर शेडकडे फिरकले नव्हते. त्या आठवड्यातच एका दुपारी आले. शेड भरलेलं होतं. नानांच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथं बसले. अर्चनानं ताट आणून ठेवलं. भाकरी, आमटी, वांगं. आबा सावकाश जेवले, दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. मग ताटावरून न उठता मोठ्यानं विचारलं, "सूनबाई, किती झाले?"

अर्चना हातात पळी घेऊन उभी. "मामा, असं काय करता..."

"किती झाले म्हनलं."

नाना हसत म्हणाले, "काय चेष्टा लावलीस आबा! सुनेला पैसे देतो का कुनी?"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते अर्चनाशीच बोलत होते, पण आवाज शेडभर जात होता. "तुझ्या सासूच्या हातचं मी जन्मभर खाल्लं. गावानं बी खाल्लं. किती झाले म्हनून तिला कुनीच इचारलं न्हाई. मी बी न्हाई. आता इचारून उपेग न्हाई. तुला इचारतो. सांग."

अर्चनाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझ्याही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कसंबसं म्हणाली, "ऐंशी."

आबांनी बंडीतून शंभराची नोट काढून टेबलावर ठेवली. ती पुढं येईना तसं म्हणाले, "उचल." तिनं उचलली आणि तोंड लपवायला वळली, तर मागून हाक, "वरचे ईस दे की. गिऱ्हाईक हाय मी."

ती रडता रडता हसली. वीस रुपये आणून तिनं सासऱ्याच्या हातावर ठेवले. आबा उठले आणि कुणाकडे न बघता बागेच्या वाटेला लागले. नाना ताटाकडे बघत बसले होते, चेहरा पडलेला. मग त्यांनी धोतराच्या कनवटीला हात घातला.

"माझं किती झालं, सूनबाई?" ते म्हणाले. "पहिल्या दिसापासून धरून सांग."